खोडदच्या माळावर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे चाकण, राजगुरुनगर, मंचर हीं गांवें एकामागून एक मागें पडतात आणि पुढें नारायणगांव येतें. मीना आणि कुकडी ह्या नद्यांच्या पाण्यावर हा सारा टापू पोसला आहे. द्राक्षांचे मळे, उंसाचे फड, कांद्याचे वाफे आणि टोमॅटोचीं शेतें ह्यांमधून रस्ता जातो. नारायणगांवाची ख्याति दोन गोष्टींसाठीं. एक टोमॅटोचा बाजार आणि दुसरी तमाशाचे फड. येथून डावीकडे वळलें कीं जुन्नर, आणि जुन्नरच्या उशाशीं शिवनेरी. आपल्याकडील प्रवासी नारायणगांवीं उतरतो तो बहुधा डावीकडे वळण्यासाठींच. उजवीकडे, म्हणजे पूर्वेस, जो लहान रस्ता फुटतो तो खोडद नांवाच्या खेड्याकडे जातो. त्या खेड्याच्या माळावर जें आहे तें पाहण्यास परदेशचे विद्वान येतात. परंतु पुण्याच्या पेठांतील कित्येक सुशिक्षित घरांना त्याचा पत्ता नाहीं. ही उणीव थोडी भरून निघावी एवढ्याचसाठीं हा लेख.

तेथील वेधशाळेचें नांव जरा लांबलचक आहे : जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. आद्याक्षरें जुळवून तिला जीएमआरटी म्हणण्याचा प्रघात आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें जें रेडिओ खगोलभौतिकीचें केंद्र पुणें विद्यापीठाच्या आवारांत आहे, तें ती चालवितें. दरवर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानें, तिचे दरवाजे सर्वांस मोकळे होतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं आपला प्रकाशाविषयींचा प्रसिद्ध शोध लावला तो १९२८ सालच्या २८ फेब्रुवारीस, म्हणून हा दिवस. आम्ही त्याच दिवशीं गेलों होतों. थोरले बंधू, वहिनी, इयत्ता नववींतील माझी नात आणि मी. ठिकठिकाणच्या शाळांतील मुलें आपापले प्रयोग मांडून बसलीं होतीं आणि कंठ फुटेपर्यंत समजावून सांगत होतीं. चाळीस वर्षें शाळेंत घालविलेल्या माणसाला तो गलबला संगीतासारखा वाटतो. आवारांत मोबाईल मात्र बंद ठेवावे लागतात. वहिनी म्हणाल्या, "घरीं पंगत बसली कीं मी हेंच सांगतें, तर कोणी ऐकत नाहीं. येथें बघा सगळे कसे निमूट ऐकतात!" ह्या सक्तीच्या मौनाचें कारण पुढें येईलच.

तबकडीजवळ गेल्यावर प्रथम मनांत येतें तें असें कीं, ही तर चाळणी आहे. व्यास ४५ मीटर. चौक, माजघर, परसू ह्यांसकट एखादा वाडा तींत सहज मावेल. परंतु तिला पत्रा म्हणून कोठें नाहीं. ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारांची जाळी अंथरली आहे, आणि तींतून पलीकडचें निळें आकाश व उडणारे पक्षी स्वच्छ दिसतात. नातीनें विचारलें, "आजोबा, एवढ्या भोकांतून लहरी गळून जात नाहींत का?" प्रश्न योग्य होता. लहर जेवढी लांब, तेवढें लहान भोंक तिला जाणवेनासें होतें. जाळीचीं घरें एक ते दोन सेंटिमीटरांचीं, आणि ज्या लहरी धरावयाच्या त्या वीस सेंटिमीटरांपासून कांहीं मीटरांपर्यंत लांब. त्यांच्या दृष्टीनें ही जाळी म्हणजे आरसाच होय. वारा मात्र तींतून सुखानें निघून जातो. म्हणून एवढी प्रचंड वस्तु हलक्या सांगाड्यावर उभी करतां आली आणि खर्च वांचला. पैशाची ओढ असली म्हणजे बुद्धि कशी धार धरते ह्याचें हें उदाहरण गृहिणींना तरी निराळें समजावून सांगावयास नको.

अशा तबकड्या एकंदर ३० आहेत. त्यांपैकीं १४ खोडदच्या माळावर सुमारें एक किलोमीटरच्या चौकांत दाटीनें उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना फांकलेल्या तीन ओळींत, शेतांच्या मधोमध. टोंकाच्या तबकड्यांमध्यें सुमारें २५ किलोमीटरांचें अंतर पडतें. सर्व मिळून एकाच वेळीं आकाशांतील एकाच बिंदूकडे तोंड करतात. प्रत्येकीनें धरलेली लहर कांचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतींत येते आणि तेथें त्या सर्वांचा मेळ घातला जातो. बारकावा दिसण्याच्या बाबतींत मग हीं तीस भांडीं म्हणजे पंचवीस किलोमीटर रुंदीचें एकच भांडें ठरतें.

आकाशांतील अंतरांचे आंकडे वाचून कोणास कांहीं बोध होत नाहीं, असा माझा शाळेंतील अनुभव आहे. म्हणून ह्या तबकडीलाच मीं मोजपट्टी केली. वाचकांनींही करून पाहावी. पृथ्वी व सूर्य ह्यांमधील सुमारें १५ कोटि किलोमीटरांचें अंतर म्हणजे तबकडीची रुंदी, ४५ मीटर, असें धरूं. तर एका कांठावर ठेवावयाचा सूर्य हा ४२ सेंटिमीटरांचा, म्हणजे पाण्याच्या मोठ्या घागरीएवढा होतो, आणि समोरच्या कांठावरील पृथ्वी म्हणजे जोंधळ्याचा एक दाणा. गुरु हा लिंबाएवढा, तो २३४ मीटरांवर. शेवटला ग्रह नेपच्यून एखाद्या बोराएवढा, तो साडेतेराशें मीटरांवर. झाली आपली सूर्यमाला! सकाळच्या फेरफटक्यांत ती पायीं ओलांडतां येईल. आतां ह्याच मापानें शेजारचा सूर्य कोठें ठेवावा? दक्षिणेकडील नरतुरंग राशींत मित्र नांवाचा जो तेजस्वी तारा आहे, तो आपल्या सूर्यासारखाच असून अगदीं जवळच्यांपैकीं आहे. त्याची घागर खोडदपासून बारा हजार चारशें किलोमीटरांवर, म्हणजे जवळजवळ न्यूयॉर्क शहरांत ठेवावी लागते. मधल्या साऱ्या मुलुखांत म्हणण्यासारखें कांहीं नाहीं. आणि अशा अब्जावधि घागरींची मिळून जी आकाशगंगा, तिची रुंदी ह्या लहान केलेल्या मापानेंही २८ कोटि किलोमीटर भरते. खऱ्या सूर्यापर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट. तिच्या पलीकडे देवयानी दीर्घिका, आणि अशा इतर दीर्घिका मोजण्यापलीकडच्या. मापपट्टी येथेंच मोडली म्हणून मीं ती खालीं ठेवली.

इतक्या लांबच्या वस्तूंविषयीं आपणांस जें कळतें तें सर्व त्यांच्याकडून येणाऱ्या लहरींवरून. आपले जुने ज्योतिषी ग्रह कोठें आहे आणि उद्यां कोठें असेल हें उत्तम जाणत; परंतु तो कशाचा बनला आहे हें विचारण्यास त्यांच्यापाशीं साधन नव्हतें. तें साधन गेल्या दोनशें वर्षांत हातीं आलें, आणि तें म्हणजे वर्णपट. लोलकांतून प्रकाश फोडला कीं त्याच्या सप्तरंगी पट्ट्यांत ठराविक जागीं काळ्या किंवा तेजस्वी रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची ठेवण निराळी. जणुं त्याचें गोत्र व प्रवर. जें द्रव्य येथें प्रयोगशाळेंत ज्या रेषा देतें, तेंच तेथेंही त्याच देतें. विश्वांत सर्वांत विपुल द्रव्य हायड्रोजन. त्याची एक रेषा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशांत नसून रेडिओ लहरींत आहे. लांबी २१ सेंटिमीटर. एखाद्या एकट्या परमाणूनें ती लहर सोडावी म्हणून वाट पाहत बसलें तर सरासरीनें एक कोटि वर्षांहून अधिक काळ बसावें लागेल. परंतु आकाशांत हायड्रोजन इतका पसरला आहे कीं, अशा आळशी परमाणूंचाही आवाज मिळून ऐकूं येतो. तो ऐकूं यावा असें भाकीत हॉलंडमधील व्हॅन डी हुल्स्ट ह्यांनीं १९४४ सालीं केलें आणि १९५१ सालीं हार्वर्ड येथें तो प्रत्यक्ष ऐकूं आला.

आतां ह्या रेषा कधीं कधीं आपल्या जागेवरून सरकलेल्या आढळतात, आणि सारी गंमत तेथें आहे. पायीं काशीयात्रेस निघालेला एखादा गृहस्थ घरीं रोज एक पत्र टाकतो असें समजा. तो जसजसा दूर जाईल तसतशी प्रत्येक पत्राला आदल्या पत्रापेक्षां अधिक वाट कापावी लागेल. म्हणून त्यानें रोज लिहिलें तरी घरीं पत्रें रोज न पोंचतां थोड्या जास्त अंतरानें पोंचतील. परतीच्या वाटेवर नेमकें उलट. पत्रें दाटीनें येऊं लागतील. घरच्या मंडळींनीं पत्र न फोडतां, केवळ तीं किती अंतरानें येतात हें पाहून, यात्रेकरू जात आहे कीं येत आहे, आणि कोणत्या वेगानें, हें सांगावें. लहरींचें असेंच आहे. उगम दूर जात असला कीं लहरींमधील अंतर वाढतें व रेषा तांबड्या बाजूकडे सरकते; जवळ येत असला कीं जांभळ्या बाजूकडे. हा विचार ऑस्ट्रियाच्या डॉप्लर ह्यांनीं १८४२ सालीं मांडला. तीन वर्षांनीं हॉलंडमध्यें बाइस बॅलट नांवाच्या शास्त्रज्ञानें आगगाडीवर कर्णे वाजविणारे बसवून गाडी धांववली आणि रुळांच्या कडेला सुरांचे जाणकार उभे केले. येतांना सूर चढा लागला, जातांना उतरला. शास्त्राच्या इतिहासांत इतका वाजतगाजत झालेला प्रयोग दुसरा नसावा.

ह्या युक्तीनें काय काय उघड होतें ह्याचें एक उदाहरण आपल्या घरांतलें आहे. विवाहविधींत वधूला अरुंधतीचें दर्शन घडवितात. सप्तर्षींतील वसिष्ठाशेजारचा तो मंद तारा. दुर्बिणींतून पाहिलें तर खुद्द वसिष्ठही दोन ताऱ्यांचा दिसतो, हें फार पूर्वीं कळलें होतें. त्यांतील मोठ्या ताऱ्याच्या वर्णपटांतील रेषा कांहीं दिवस एकेरी तर कांहीं दिवस दुहेरी होतात, असें १८८९ सालीं हार्वर्ड वेधशाळेच्या पिकरिंग ह्यांनीं जाहीर केलें. अर्थ असा कीं, तेथेंही दोन तारे आहेत. ते साडेवीस दिवसांत एकमेकांभोंवतीं फेरी घालतात. एक आपल्याकडे येत असतो तेव्हां दुसरा दूर जात असतो, आणि दोघांच्या रेषा विरुद्ध बाजूंना सरकतात. ते इतके जवळजवळ आहेत कीं, त्या काळच्या कोणत्याही दुर्बिणीस ते निराळे दिसले नसते. केवळ रेषांनीं चहाडी केली. मीं हें सांगितलें तेव्हां वहिनी हंसून म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे आमच्या लग्नांत तुमच्या बंधूंनीं एकीकडे बोट दाखविलें आणि मला पाहुण्यांचें सगळें घरच दिसायला हवें होतें!"

दीर्घिकांच्या बाबतींत हाच प्रयोग अमेरिकेंतील लोवेल वेधशाळेंत स्लायफर ह्यांनीं केला. १९१२ सालीं त्यांनीं देवयानी घेतली. तिच्या रेषा जांभळ्या बाजूकडे सरकलेल्या निघाल्या. ती सेकंदास सुमारें ३०० किलोमीटर वेगानें आपल्याकडे येत आहे. ह्यांत सूर्याच्या स्वतःच्या भ्रमणाचाही मोठा वाटा आहे, आणि मध्यें २५ लाख प्रकाशवर्षांचें अंतर असल्यामुळें कोणी घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु पुढें ज्या दीर्घिका त्यांनीं तपासल्या त्यांपैकीं बहुतेकींच्या रेषा तांबड्याकडे सरकलेल्या होत्या. १९२९ सालीं हबल ह्यांनीं नियम दाखवून दिला कीं, जी दीर्घिका जितकी लांब तितकें तिचें सरकणें अधिक. आपल्या परिभाषेंत ह्या सरकण्यास ताम्रसृति असा सुरेख शब्द आहे. सृ म्हणजे सरणें. संसार आणि सरिता हे शब्द त्याच धातूपासून निघाले.

येथें एक बारीक गोष्ट लक्ष्यांत घेतली पाहिजे, कारण मोठमोठ्या पुस्तकांतही ती घाईनें उरकलेली असते. दूरच्या दीर्घिका आकाशांतून पळत सुटल्या आहेत असें नव्हे. पत्र वाटेंत असतांना वाटच लांबत चालली आहे. दीर्घिकांमधील अवकाश प्रसरण पावतें आणि त्यांतून प्रवास करणारी लहर त्याच प्रमाणांत ताणली जाते. "मग आपण पण लांबत चाललों का?" हा नातीचा पुढचा प्रश्न. नाहीं. परमाणु विद्युद्बलानें बांधलेला आहे, सूर्यमाला व आकाशगंगा गुरुत्वाकर्षणानें बांधलेल्या आहेत. तेथें ह्या ताणाचें कांहीं चालत नाहीं. देवयानी व आपण इतक्या जवळ आहों कीं आपसांतील ओढच वरचढ ठरते. ह्या प्रसरणावरून मागें मागें जात विश्वाला एक आरंभक्षण मानावा कीं काय, ह्याविषयीं २०२५ सालीं दिवंगत झालेले आपले डॉ. जयंत नारळीकर हे त्यांचे गुरु हॉयल ह्यांच्याप्रमाणें निराळें मत धरून होते. बहुतेक सारे शास्त्रज्ञ आरंभ मानणाऱ्या पक्षाचे. बहुमताविरुद्ध जन्मभर गणितानें भांडत राहणें, आणि तेंही न चिडतां, हा गुण मला त्यांच्या सिद्धांताइतकाच मोठा वाटतो.

खोडदच्या तबकड्यांनीं ह्या बाबतींत काय केलें तें आतां सांगतों. जानेवारी २०२३ मध्यें अर्णव चक्रवर्ती व निरुपम रॉय ह्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, एका अतिदूरच्या दीर्घिकेंतील हायड्रोजनची ती २१ सेंटिमीटरांची लहर त्यांना येथें मिळाली. मिळाली तेव्हां मात्र ती २१ सेंटिमीटरांची राहिली नव्हती. ताणून ४८ सेंटिमीटरांची झाली होती. त्या दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट पूर्वींच घेतलेला असल्यामुळें लहर कोठें शोधावयाची हें ठाऊक होतें. शिवाय वाटेंत आड आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें भिंगासारखें काम करून तो क्षीण संदेश जवळजवळ तीस पट मोठा केला. नाहींतर तो हातीं लागता ना. ती लहर निघाल्याला सुमारें ८८० कोटि वर्षें झालीं. आपला सूर्य आणि त्याचे ग्रह ह्यांचें वय सुमारें ४६० कोटि. म्हणजे ती निघाली तेव्हां ज्या भूमीवर ती उतरावयाची ती भूमीच नव्हती; जिच्या जाळींत सांपडावयाचें ती तबकडी तर दूरच. तिची अर्धी वाट जवळजवळ सरली तेव्हां येथें सूर्य पेटला. ४६० कोटि वर्षांत पृथ्वी निवली, समुद्र झाले, सह्याद्रीचे थर बसले, मनुष्य आला, आणि ती पोंचण्यापूर्वीं अगदीं शेवटल्या घटकेला जुन्नर तालुक्यांतील एका माळावर कोणी तरी जाळी अंथरून ठेवली.

तें कोणी तरी म्हणजे गोविंद स्वरूप. उत्तर प्रदेशांतील ठाकुरद्वारा गांवीं १९२९ सालीं त्यांचा जन्म. परदेशांत हें शास्त्र शिकून ते होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ सालीं परतले. ऑस्ट्रेलियानें देऊन टाकलेल्या सहा सहा फुटांच्या ३२ तबकड्या त्यांनीं प्रथम कल्याण येथें उभ्या केल्या. त्यानंतर निलगिरींत उटीजवळ डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण १९७० सालीं पुरी केली. खोडद हें त्यांचें तिसरें व सर्वांत मोठें काम. तें १९९० नंतरच्या दशकांत उभें राहिलें. २०२० सालीं ते वारले. जागा खोडदचीच कां, तर सभोंवार डोंगरांचा आडोसा, पुणें हांकेच्या अंतरावर, आणि मुख्य म्हणजे त्या काळीं येथें असलेली शांतता.

ही शांतता कानांची नव्हे, लहरींची. चंद्रावर एखादा मोबाईल चालू करून ठेवला तर तो ह्या तबकड्यांना आकाशांतील सर्वांत तेजस्वी अशा मोजक्या वस्तूंमध्यें दिसेल. मग आवारांतील दहा मोबाईल काय करतील ह्याची कल्पना करावी. मोबाईलचे मनोरे, मोटारींच्या ठिणग्या, विजेच्या तारांवरील खरखर, डोक्यावरून जाणारे उपग्रह ह्या सर्वांतून ती ८८० कोटि वर्षांची कुजबुज निवडून काढावयाची असते. पुणें-नाशिक नव्या लोहमार्गाची आंखणी ह्या टापूंतून झाली तेव्हां वेधशाळेनें हरकत घेतली, कारण विजेच्या गाडीच्या तारेवर ज्या ठिणग्या उडतात त्यांतून नेमक्या ह्याच लहरींचा कल्लोळ उठतो. आणि २०२४-२५ च्या सुमारास मार्ग दुसरीकडून नेण्याचें घाटूं लागलें. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोच्या पाट्या घेऊन पहाटेपासून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हें रुचेल कसें? त्याला गाडी हवी आहे आणि त्याचें मागणें रास्त आहे. त्याच्या मुलीला महाविद्यालयांत जावयाचें आहे, आजाऱ्याला पुण्याच्या रुग्णालयांत न्यावयाचें आहे. बंधूंचें मत त्याच्या बाजूनें पडलें, आणि परतीच्या वाटेवर आमचा बराच वाद झाला. माझें मत असें कीं, रेल्वेला वळसा घालतां येतो, खर्च वाढला तरी घालतां येतो. तीस तबकड्या उचलून दुसरा शांत माळ शोधूं म्हटलें तर तो आतां ह्या प्रांतांत शिल्लक आहे कोठें? परंतु वळशाचा भुर्दंड एकट्या जुन्नर-खेडच्या लोकांवर पडूं नये. वेधशाळा साऱ्या देशाची आहे. तिच्यासाठीं ज्यांची गाडी लांबली त्यांना रस्ते, दवाखाने आणि जलद मोटारगाड्या देशानेंच आधीं पुरविल्या पाहिजेत. बंधू म्हणाले, "आधीं पुरविणार कोण?" त्यावर मजपाशीं उत्तर नव्हतें.

ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं विज्ञान दिनाचा मुहूर्त धरावा. एरवीं केंद्राकडे आगाऊ लिहून परवानगी काढावी. माळावर ऊन फार, सावली थोडी, तेव्हां टोपी व पाणी बरोबर असावें. मुलांना अवश्य न्यावें, आणि निघण्यापूर्वीं घरीं जोंधळ्याचा दाणा व घागर दाखवून ठेवावी. सकाळीं शिवनेरी चढून दुपारीं खोडदला येणें साधतें. आम्हांला तें साधलें नाहीं, कारण वहिनींना नारायणगांवच्या बाजारांतून द्राक्षांची पेटी घ्यावयाची होती.